विश्लेषण : जुने संगणक – भंगार की वारसा? वसईच्या वाटेवर नेमके काय नाहीसे होते आहे?

‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी लागणारी सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर नसलेले, पण एरवी ठणठणीत असलेले असंख्य संगणक त्यामुळे कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर पडू लागले. त्यांच्यासोबत माळ्यावर, गोदामात पडून राहिलेले ३०-३५ वर्षांपूर्वीचे संगणकही भंगारात निघतात. मुंबई महानगरातील अशा यंत्रांचा एक शेवटचा थांबा वसईत आहे. दुसरीकडे, हेच जुने संगणक शोधून, दुरुस्त करून चालते ठेवणारे छांदिष्ट संग्राहक आहेत. त्यांची धडपड केवळ आठवणींची हौस आहे, की त्यात आपल्या सर्वांच्या, विशेषतः मराठीच्या, कामाचे काही आहे?

‘विंटेज’ संगणक कशाला म्हणतात?

याची कायदेशीर व्याख्या नाही. संग्राहकांच्या बोलण्यात साधारणपणे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील घरगुती संगणकांपासून १९९०च्या दशकातील ४८६ आणि पहिल्या पेंटियम यंत्रांपर्यंतचा काळ ‘विंटेज’ मानला जातो. त्यात झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, कमोडोर ६४ यांसारखे कीबोर्डमध्येच सामावलेले संगणक येतात, तसेच आयबीएमच्या धर्तीवरचे एक्सटी, एटी, ३८६ हे ‘पीसी’ही येतात. यंत्राबरोबर कीबोर्ड, मॉनिटर, फ्लॉपी, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जोडकार्डे आणि छापील माहितीपुस्तिका जमवणे हाही छंदाचाच भाग. नाणी किंवा टपाल तिकिटे जपून ठेवली की काम भागते. संगणक मात्र सुरू व्हावा लागतो. त्यामुळे हा छंद अर्धा संग्रहाचा आणि अर्धा दुरुस्तीचा आहे.

भारतात अशी यंत्रे कोणती?

बरीच, आणि त्यातील काही मुंबईतच घडलेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. हैदराबादच्या ईसीआयएलने १९६९ मध्ये ‘टीडीसी-१२’ बनवला. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतल्यानंतर एचसीएल, डीसीएम, विप्रो आणि मुंबईतील झेनिथ अशा कंपन्यांची यंत्रे बाजारात स्थिरावली.

शाळांसाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पात बीबीसी मायक्रो आणले गेले. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने तेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने बनवले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला. याखेरीज लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून जुळवलेले ‘असेम्बल्ड’ संगणक होते. त्यांच्यावर ना कंपनीचे नाव, ना मॉडेल क्रमांक. मध्यमवर्गीय मराठी घरात आलेला पहिला संगणक बहुधा याच जातीचा.

मग ही यंत्रे आज दुर्मीळ का?

पहिले कारण, संख्या मुळातच कमी. अमेरिका-ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात संगणक लाखोंनी घरात गेले. आपल्याकडे ते बँका, सरकारी कार्यालये, प्रशिक्षण वर्ग आणि काही शाळांपुरते राहिले. संस्थेचा संगणक निकामी झाला की तो ‘निर्लेखित’ होतो आणि लिलावात वजनावर जातो. ब्रिटनमधल्या संग्राहकाला जुना संगणक कुणाच्या तरी घराच्या माळ्यावर मिळू शकतो. आपल्याकडच्या संस्थांत माळा नसतो, निविदा असते.

दुसरे कारण आयातीचे. वापरलेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांची आयात परदेशी व्यापार धोरणानुसार ‘निर्बंधित’ वर्गात मोडते. त्यासाठी विदेशी व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. परदेशातील ई-कचरा ‘वापरलेला माल’ या नावाखाली भारतात ओतला जाऊ नये, हा त्यामागचा रास्त हेतू. पण एकच जुना कमोडोर मागवणारा छांदिष्ट आणि कंटेनरभर भंगार आणणारा व्यापारी यांच्यात हा नियम फरक करत नाही. त्यामुळे भारतीय संग्राहकाची भिस्त देशातल्या भंगारावरच.

तिसरे कारण सोन्याचे. जुन्या प्रोसेसरच्या पिना आणि आतील जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असे. ३८६, ४८६ आणि विशेषतः पेंटियम प्रो यांच्या सिरॅमिक चिप्समध्ये नंतरच्या चिप्सच्या तुलनेत सोने जास्त. म्हणजे यंत्र जितके जुने, तितके ते संग्राहकाला हवे आणि तितकेच ते आम्लात बुडवून सोने काढणाऱ्यालाही हवे. या स्पर्धेत संग्राहक क्वचितच आधी पोहोचतो. चिप सुटी करून विकली की उरलेल्या यंत्राला किंमत राहत नाही.

वसई-विरारचा यात संबंध काय?

पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर या गोष्टीची दोन टोके आहेत. ग्रँट रोड स्थानकाच्या जवळ लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, म्हणजे यंत्रे विकली जाण्याची आणि फिरून विकली जाण्याची जागा. उत्तरेला वसई-विरार, म्हणजे त्यांची अखेर होण्याची जागा. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात लहान-मोठे कारखाने, गाळे आणि भंगाराची गोदामे आहेत. इको रिसायकलिंग (इकोरेको) या ई-कचरा क्षेत्रातील कंपनीचा पुनर्प्रक्रिया प्रकल्पही वसई पूर्वेच्या भोईदापाडा-सातिवली परिसरातला.

अधिकृत प्रकल्पात यंत्रे सुटी करून धातू, प्लास्टिक आणि सर्किट बोर्ड वेगळे केले जातात. साठवणूक असलेले भाग अनेकदा ग्राहक कंपनीच्याच आग्रहाने नष्ट केले जातात. अनौपचारिक गोदामात तारा जाळून तांबे काढणे, बोर्ड तापवून चिप्स उपटणे असे प्रकार होऊ शकतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायने असतात. त्यांचा त्रास तिथे काम करणाऱ्याला आणि शेजारच्या वस्तीला होतो. त्यामुळे ‘जुने संगणक पुनर्प्रक्रियेला देऊच नका’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुसंख्य यंत्रांसाठी अधिकृत पुनर्प्रक्रिया हाच योग्य शेवट आहे.

अडचण वेगळी आहे. लोक आणि कंपन्या यांच्या हातून निघालेले यंत्र भंगारवाला, गोदाम आणि यंत्रे सुटी करणारा कामगार अशा तीन-चार हातांतून जाते. प्रत्येक हात त्याचे वजन करतो. ‘हे काय आहे आणि यात काय आहे’ हा प्रश्न विचारणारा टप्पा या साखळीत कुठेच नाही.

जुन्या संगणकात मराठीचे असे काय अडकले आहे?

मराठी मजकूर संगणकावर टाइप होऊ लागला तो युनिकोड रुळण्याच्या कितीतरी आधी. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. ‘जिस्ट कार्ड’ हा संगणकाच्या आत बसवायचा हार्डवेअरचा तुकडा होता. तो बसवला की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, लोटस, डीबेससारख्या इंग्रजी प्रणालींत देवनागरी टाइप करता येई. या मजकुरासाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

त्यानंतर विंडोज आणि डीटीपीचे दिवस आले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींवर पेजमेकरमध्ये मराठी पाने लागू लागली. पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, पंचांगे, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अहवाल आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभांची पत्रके, सगळे याच मार्गाने छापले गेले. पण प्रत्येक प्रणालीची अक्षरे साठवण्याची पद्धत वेगळी. एका फाँटमधला ‘क’ दुसऱ्या फाँटमध्ये भलतेच चिन्ह म्हणून उमटतो. जुनी फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते, ती यामुळेच.

विंडोज २०००मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट त्यासोबत मिळू लागला. तरी छपाईच्या धंद्यात जुन्या प्रणाली त्यानंतरही बराच काळ चालल्या. म्हणजे १९८८ ते साधारण २००५-१० या काळातील मराठीचा मोठा डिजिटल मजकूर युनिकोडबाहेर आहे.

फाँट बदलणारे परिवर्तक आहेत. मग जुने यंत्रच कशाला?

फाइल हाताशी असेल आणि फाँट ओळखीचा असेल, तर परिवर्तक उपयोगी पडतो. पण त्याआधीचे अडथळे यंत्राचे आहेत. मजकूर सव्वापाच इंची फ्लॉपीवर असेल तर ती वाचणारा ड्राइव्ह हवा. १९८०च्या दशकातील हार्ड डिस्कना स्वतःचे वेगळे नियंत्रक कार्ड लागते; आजच्या संगणकाला त्या जोडताच येत नाहीत. पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मधली. तिच्या फाइल उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्तीही आता जुनी झाली. शिवाय अनेक मराठी प्रणाली ‘हार्डवेअर लॉक’वर चालत. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला ही लहान डबी लावल्याशिवाय प्रणाली सुरूच होत नसे. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतो आणि डबी हरवली की विकत घेतलेली प्रणालीही निरुपयोगी.

म्हणून चालू स्थितीतला एक ४८६, त्यात दोन प्रकारचे फ्लॉपी ड्राइव्ह आणि मागे प्रिंटर पोर्ट, एवढी सामग्री एखाद्या प्रकाशकाचा किंवा लेखकाचा मजकूर सोडवू शकते. छांदिष्टाने हौसेने चालते ठेवलेले यंत्र इथे किल्लीचे काम करते.

वसई परिसराला हा प्रश्न विशेष लागू पडतो. या भागाला लेखनाची आणि नियतकालिकांची जुनी परंपरा आहे. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२०मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे येथलेच आणि ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक. सामवेदी, वाडवळी, आगरी अशा बोली इथे बोलल्या जातात. बोलीतील मजकूर मुळात कमी छापला जातो आणि त्याच्या प्रतीही कमी निघतात. मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक ग्रंथालयात सापडेल. गावच्या मंडळाच्या स्मरणिकेची मूळ फाइल गेली, तर कदाचित काहीच उरणार नाही.

किनारपट्टीवर ही यंत्रे जपणे अवघड का?

संगणकाचे वय हवामान ठरवते. समुद्राजवळच्या खारट, दमट हवेत जोडण्यांवर गंज चढतो आणि फ्लॉपीच्या चुंबकीय चकतीवर बुरशी वाढते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की ती स्वतः खरवडली जाते आणि ड्राइव्हचा वाचणारा भागही खराब करते. पावसाचे पाणी हा आणखी एक शत्रू. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा, विरारमधील अनेक वस्त्या पाण्याखाली होत्या. तळमजल्यावरच्या छापखान्यात किंवा झेरॉक्सच्या दुकानात खालच्या खणात ठेवलेल्या यंत्रांसाठी असे एक पाणी पुरेसे असते.

यंत्राच्या आतही शत्रू असतात. २८६ ते ४८६ काळातील अनेक मदरबोर्डवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची पिंपासारखी छोटी बॅटरी झाळलेली असते. ती वर्षानुवर्षे पडून राहिली की गळते आणि त्यातील क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले. ते फुगतात आणि गळतात. बोर्ड वाचवायचा तर आधी गळकी बॅटरी कापून काढणे, व्हिनेगरने क्षार मारणे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुणे आणि तुटलेल्या रेषांच्या जागी बारीक तार झाळणे, असा उपचार संग्राहक करतात. निकामी फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह वापरू देणारे उपकरणही आता मिळते.

यात धोकेही आहेत. जुन्या मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. टीव्ही दुरुस्तीचे शिक्षण नसलेल्याने तो उघडू नये.

कायदा या यंत्रांकडे कसा पाहतो?

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणे असून मेनफ्रेम आणि मिनी संगणकांपासून लॅपटॉपपर्यंत सर्व येतात. उत्पादकांनी ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याची पुनर्प्रक्रिया करवून घ्यायची असते: २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या ‘नूतनीकरणकर्त्या’ची नोंदणीही नियमांत आहे, पण ती व्यवसायासाठी.

नियमांनुसार जे ‘टाकून दिले’ ते ई-कचरा. त्यामुळे घरात जपलेले यंत्र ई-कचरा ठरत नाही. पण ते एकदा भंगाराच्या साखळीत शिरले, की सगळी व्यवस्था ते फोडण्याच्या दिशेने ढकलते. ऐतिहासिक मूल्य असलेली वस्तू बाजूला काढण्याची तरतूद त्यात नाही.

वारशाचा कायदाही मदतीला येत नाही. पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार वस्तू किमान १०० वर्षांची आणि हस्तलिखित किंवा दस्तऐवज किमान ७५ वर्षांचा हवा. भारतात पहिला डिजिटल संगणक कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यात आला. म्हणजे देशातील कोणताही डिजिटल संगणक १९५०च्या दशकाच्या मध्याला शंभर वर्षे पूर्ण होईपर्यंत, साधारण २०५५ पर्यंत, ‘पुरावशेष’ ठरू शकत नाही. यंत्रे मात्र तोवर टिकणार नाहीत.

तिसरा पेच विदेचा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. बँक, रुग्णालय किंवा कंपनीच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्राहकांची माहिती असते. ती नष्ट करणेच योग्य. पण ‘सरसकट सर्व डिस्क चिरडा’ या सोप्या वाटेत जपण्याजोगा मजकूरही जातो. स्वामित्वहक्काचाही प्रश्न आहे. भारतीय कायद्यात संगणक प्रणाली ‘साहित्यकृती’ मानली जाते आणि डॉसच्या काळातील प्रणालींचे हक्क अजून संपलेले नाहीत. प्रणाली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला बचावासाठी प्रत करता येते. ती वाटता येत नाही.

इतरत्र काय घडते?

अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथे संगणक इतिहास संग्रहालय आहे. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात राष्ट्रीय संगणन संग्रहालय आहे, जिथे जुनी यंत्रे स्वयंसेवक चालवून दाखवतात. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४मध्ये एमएस-डॉस ४ चा मूळ संकेत खुला केला. पण सिएटलच्या ‘लिव्हिंग कॉम्प्युटर्स’चा अनुभव इशारा देणारा आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांच्या संग्रहातून ते संग्रहालय उभे राहिले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, २०२० मध्ये दारे बंद झाली आणि २०२४ मध्ये ते कायमचे बंद होऊन काही यंत्रे लिलावात गेली. अब्जाधीशाचा संग्रहही माणसामागे टिकत नसेल, तर वन रूम किचनमधल्या छांदिष्टाच्या संग्रहाचे भवितव्य वेगळे सांगायला नको.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी काय करावे?

यंत्र पाच-दहा वर्षांपूर्वीचे साधे असेल, तर हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे. वीसहून अधिक वर्षांचे असेल, तर आधी यंत्राचे, मागच्या बाजूचे आणि आतील कार्डांचे फोटो काढावेत. ते लगेच वीज देऊन सुरू करू नये. गळलेली बॅटरी किंवा जुना वीजपुरवठा घात करू शकतो. प्रिंटर पोर्टला लावलेली डबी, कंपनीच्या मूळ फ्लॉपी आणि पुस्तिका यंत्रासोबतच ठेवाव्यात. बुरशी दिसणारी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये.

हार्ड डिस्क आयडीई प्रकारची असेल, तर काही शे रुपयांच्या यूएसबी जोडणीने ती आजच्या संगणकावर वाचता येते. तिच्यात काही न लिहिता आधी पूर्ण प्रत काढावी, मग फाँट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. फाइलसोबत मूळ फाँटही जपावा, कारण तो नसेल तर अक्षरांचा अर्थ लावणे फार कठीण होते.

पुढे काय होऊ शकते?

मोठ्या संग्रहालयाची वाट पाहण्याआधी छोट्या गोष्टी शक्य आहेत. पुनर्प्रक्रिया केंद्रांत साधारण २००० पूर्वीची यंत्रे चिरडण्याआधी काही दिवस बाजूला ठेवून त्यांची यादी दाखवता येईल. शासकीय संस्थांच्या निर्लेखन प्रक्रियेत ‘ऐतिहासिक मूल्य आहे का’ असा एक रकाना वाढवता येईल. महाविद्यालये आणि ग्रंथालये चालू स्थितीतील एक-दोन जुनी यंत्रे छांदिष्टांच्या मदतीने ठेवू शकतील, जेणेकरून परिसरातील प्रकाशक, मंडळे आणि लेखकांना आपल्या फ्लॉपी वाचून घेता येतील.

यासाठी नवा कायदा लागत नाही. पण वेळ कमी आहे. गळती बॅटरी, बुरशी आणि सोन्याचा भाव यांच्यापैकी कुणीही २०५५ पर्यंत थांबणार नाही. ‘विंडोज १०’च्या निमित्ताने आवराआवर सुरू असताना माळ्यावरचा तो धुळकट डबाही खाली येईल. तो टेम्पोत चढण्याआधी त्यात काय आहे हे कुणी पाहिले का, एवढ्यावरच त्यातील मजकुराचे भवितव्य ठरेल.